आप्पांचा ताळा

'ध्यानाने मेंदू वाढतो' असं मी एकदा लिहून मोकळी झाले. आजीने ते कात्रण जपून ठेवलं आणि नऊ महिन्यांनी थेट डॉक्टरांच्या टेबलावर मांडलं...

"डॉक्टरसाहेब, किती वाढलाय?"

आप्पांच्या एमआरआयची फिल्म लाइट बॉक्सवर चढवून डॉक्टर बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात आजीने हा प्रश्न टाकला. डॉक्टर, आई आणि मी, तिघंही गोंधळलो. काय वाढलाय? आजीने हातातल्या पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. लाइट बिलं आणि रेशनकार्ड ठेवतात तसलं. त्यातून एक घडी घातलेला कागद निघाला.

"मेंदू हो, यांचा! आमच्या नातीनेच लिहिलंय. नऊ महिने झाले, एक दिवस चुकवला नाही."

'आठ आठवडे ध्यान करा, मेंदू वाढवा!' असा जांभळ्या अक्षरांतला मथळा. खाली हसऱ्या फोटोसकट माझं नाव. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या एसी केबिनमध्ये नीट कळलं.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. त्यांनी कात्रण वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "आजी, नातवंडांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडता ना? एकच खूण असेल तर पोर वाढलं की नाही ते सांगता येईल? हा आप्पांच्या मेंदूचा पहिलाच फोटो. वाढला की घटला हे यावरून मी कसं सांगू?"

मग त्यांनी त्या फोटोवरून जे सांगता येत होतं ते सांगितलं. गाठ नाही. रक्तस्राव नाही. मेंदूत पाणी साठलेलं नाही. विसरण्याची काही कारणं अशी असतात की ज्यांवर वेगळा इलाज करता येतो, त्यातलं एकही इथे दिसत नाही. मेंदू थोडा आकसलेला आहे, पण वयोमानाने तो बऱ्याच जणांचा आकसतो. फिल्म, आप्पांची तपासणी आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर ही डिमेन्शियाची सुरुवात वाटते, बहुधा अल्झायमर्सच्या प्रकारची. गोळ्या देतो. तीन महिन्यांनी या.

आप्पा शांतपणे ऐकत होते. निघताना त्यांनी मला विचारलं, "कुणाचा रिपोर्ट होता गं?"

सहाशे शब्द, सात वाजेपर्यंत

आता तो लेख कसा लिहिला गेला ते सांगते. मास कॉमची डिग्री घेऊन मी फ्रीलान्सिंग सुरू केलं, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. २०२३ चा डिसेंबर. एका पुरवणीतून फोन आला. न्यू इयर रेझोल्यूशनवर काहीतरी फ्रेश हवंय, सहाशे शब्द, संध्याकाळी सातपर्यंत. माझ्याकडे दुपारचे तीन तास, एक कप कॉफी आणि गुगल होतं. बोस्टनच्या एका संशोधनाची बातमी सापडली. आठ आठवडे, रोज सरासरी २७ मिनिटं ध्यानाचे व्यायाम, आणि स्मरणशक्तीशी संबंधित भागातला करडा पदार्थ वाढलेला. अजून काय पाहिजे? साडेसहाला मेल पाठवला आणि मैत्रिणींबरोबर एफसी रोडला गेले.

इकडे नाणे मावळातल्या आमच्या गावी आप्पांचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग एक दिवस कामशेतच्या बाजारातून घरी यायचा रस्ता. आप्पा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! अशा वेळी नातीचा लेख आला आणि त्यात 'स्मरणशक्ती' हा शब्द होता. आजीने दुसऱ्याच दिवशी ओट्याजवळचं घड्याळ उतरवून पुढच्या खोलीत लावलं. रोज पहाटे पाच वाजता सतरंजीवर दोघं शेजारी शेजारी. बरोबर २७ मिनिटं. अठ्ठावीस नाही, सव्वीस नाही.

मला याचा पत्ताच नव्हता. आजी म्हणाली, "तुला सरप्राइज द्यायचं होतं."

बोस्टन ते मॅडिसन

डॉक्टरांकडून आल्यावर त्या रात्री मी जे काम डिसेंबरमध्ये करायला हवं होतं ते केलं. मूळ शोधनिबंध वाचले.

या सगळ्यामागचं मोठं नाव म्हणजे सारा लाझार. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली मेंदूचं चित्रण करणारी संशोधक. तिची गोष्ट तुम्हाआम्हाला जवळची वाटेल अशीच आहे. बोस्टन मॅरेथॉनची तयारी करताना दुखापत झाली, स्ट्रेचिंग करायला सांगितलं म्हणून ती योगाच्या क्लासला गेली. शिक्षक म्हणायचे, मन शांत होईल, करुणा वाढेल. हिला वाटायचं, काहीतरीच! पण काही आठवड्यांनी खरंच फरक जाणवायला लागला. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली.

२००५ मध्ये तिच्या गटाने अनेक वर्षं ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूची तुलना ध्यान न करणाऱ्या १५ जणांशी केली. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण काही ठिकाणी जास्त जाड दिसलं. पण इथे एक मेख आहे. आवरण ध्यानामुळे जाड झालं, की तसा मेंदू असलेली माणसंच ध्यानाकडे वळतात? एकदाच काढलेल्या फोटोवरून ते कळत नाही. दाराच्या चौकटीवर पुन्हा एकच खूण!

म्हणून पुढचा प्रयोग 'आधी आणि नंतर' असा केला गेला. २०११ मध्ये ब्रिटा हॉल्झेल, लाझार आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांचा कोर्स करणारे १६ जण, न करणारे १७ जण, दोन्ही गटांचे दोनदा एमआरआय. कोर्स केलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या पदार्थाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा छोटासा भाग. नव्या आठवणी साठवायच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमर्सचा घाला सुरुवातीच्या काळातच त्याच्यावर पडतो. माझा लेख या १६ माणसांवर उभा होता. त्यात मी '१६' हा आकडा कुठेही लिहिला नव्हता. कोण कोर्स करणार आणि कोण नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, हेही नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. एमआरआय हा आपल्या मोबाइलसारखा कॅमेरा नसतो. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. मोठ्या चुंबकाच्या प्रभावाखाली त्याच्या अणुकेंद्रांना एक दिशा मिळते. रेडिओलहरींनी त्यांना हलवलं की पूर्वपदावर येताना ती बारीकसा सिग्नल देतात. त्या सिग्नलवरून कॉम्प्युटर चित्र रचतो. आत झोपलेल्या माणसाने डोकं किंचित हलवलं तरी मोजमाप बदलू शकतं. अशा मोजमापात १६ माणसांमधला छोटासा फरक म्हणजे सुरुवात झाली, एवढंच. पुढे ताळा करायला हवा.

तो ताळा झाला, आणि तोही ध्यानाच्या विरोधकांकडून नाही! मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन नावाचे मेंदुशास्त्रज्ञ आहेत. बौद्ध भिक्खूंना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्या मेंदूचा अभ्यास करण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली, स्वतःही ध्यान करतात. त्यांच्या गटाने २०२२ मध्ये, तामी क्राल यांच्या नावाने, 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये एक निबंध छापला. या वेळी २१८ माणसं. कोण कोणत्या गटात हे नशिबावर सोडलेलं. एका गटाला तोच आठ आठवड्यांचा ध्यानाचा कोर्स, दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचा पण ध्यान नसलेला आरोग्याचा कोर्स, तिसरा गट नुसता थांबलेला. निष्कर्ष? मेंदूच्या रचनेत ध्यानामुळे झालेला कोणताही फरक सापडला नाही.

ध्यान निरुपयोगी आहे, असं त्या निबंधात म्हटलेलं नाही. लोकांना बरं वाटतं, ताण कमी जाणवतो, हे इतर बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलतो हा दावा तेवढा टिकला नाही. मी लेख लिहिला तेव्हा हा निबंध प्रसिद्ध होऊन दीड वर्ष उलटलं होतं. शोधला असता तर दहा मिनिटांत मिळाला असता. मी शोधलाच नाही, कारण मथळा आधी सुचला होता.

लोणावळ्याचे एक्स-रे

आता हे आजीला कसं सांगायचं? मी महिनाभर टाळलं. तेवढ्यात एका संपादकांनी काम दिलं. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेला २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली होती, त्यावर लिहायचं होतं. कामशेतपासून लोकलने मळवली आणि मग लोणावळा, फक्त दोन स्टेशनं. लहानपणी लोणावळा म्हणजे माझ्यासाठी चिक्की आणि पावसाळ्यातली गर्दी. कैवल्यधामची पाटी येता-जाता दिसायची. आत काय चालतं हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

शिवाजीनगरहून लोकल पकडली. तळेगाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कापणीला आलेली इंद्रायणी दिसायला लागली आणि मी मांडीवर 'योगमीमांसा' या संस्थेच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांमधल्या पानांच्या झेरॉक्स घेऊन बसले. मला वाटलं होतं, प्रवचनं असतील. निघाले एक्स-रे आणि तक्ते!

स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, शिक्षणाने संस्कृतचे, काही काळ अमळनेरला शिक्षणकार्यात. गुरू माधवदासजींकडून योग शिकले. पण त्यांचा पिंड असा की शरीरात नेमकं काय होतं हे पाहिल्याशिवाय चैन पडेना. १९२० नंतर लगेचच बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा एक्स-रेच्या मदतीने अभ्यास सुरू केला. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब कमी होतो, अंशतः पोकळी तयार होते हे त्यांनी मोजलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' इंग्रजीतून सुरू केलं. त्या काळात एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नव्हता. जिवंत माणसाच्या आत डोकावून पाहायचं तर एक्स-रे. ते यंत्र लाझार यांच्या ऐंशी वर्षं आधी आपल्याच एका माणसाने योगाकडे वळवलं होतं.

मला थांबवलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. प्राणायामाने शरीराला जास्तीचा ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक म्हणायचे. आजही आपल्या सोसायटीच्या गार्डनमधले काका तेच सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातून आत-बाहेर जाणाऱ्या हवेची मोजमापं केली. प्राणायामाचं मोल जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही, असं त्यांनी स्वतःच मांडलं. योगासाठी आयुष्य वाहिलेला माणूस, आश्रम नुकताच उभा राहतोय, आणि हा लोकांच्या आवडत्या समजुतीलाच कात्री लावतोय!

ही पद्धत त्यांच्यानंतरही टिकली. जमिनीखाली समाधी घेणाऱ्या योग्यांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. कैवल्यधामच्या करंबेळकर, विणेकर आणि भोळे या संशोधकांनी हवाबंद खड्डा केला, त्यात माणसांना बसवलं आणि मोजमापं घेतली. तो निबंध १९६८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आला. चमत्कार असेल तर दिसेल, नसेल तर तेही दिसेल, असा सरळ हिशोब.

दुपारी कैवल्यधामच्या आवारात झाडाखाली बसले होते. योगावर प्रेम असलेले कुवलयानंद आणि ध्यानावर प्रेम असलेले डेव्हिडसन. एक लोणावळ्यात, एक मॅडिसनमध्ये, मध्ये शंभर वर्षं. दोघांनीही आपल्या लाडक्या गोष्टीची परीक्षा घेतली आणि उत्तर मनासारखं आलं नाही तरी छापलं. एखाद्या संशोधनाचा परिणाम किती, हे म्हणे त्याचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून मोजतात. २०११ च्या निबंधाचा परिणाम मी मोजायला गेले तर एक भिंतीवरचं घड्याळ मोजावं लागेल. ओट्याजवळून पुढच्या खोलीत गेलेलं. आणि ते लाझार यांनी नाही, मी हलवलं होतं.

परतीची लोकल पकडली आणि कामशेतला उतरले.

"ताळा केलास का?"

घरी पोचले तेव्हा आजी तांदूळ निवडत होती. आप्पा ओसरीवर. मला बघून म्हणाले, "ये बाळ." नाव आठवलं नसावं, पण 'बाळ' चालतं.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. माझा लेख चुकीचा होता. १६ माणसांचं होतं, २१८ माणसांत तसं दिसलं नाही. मी नीट वाचलं नव्हतं. तुम्ही नऊ-दहा महिने पहाटे उठलात ते माझ्या चुकीमुळे.

आजी काहीच बोलली नाही. ताटातले खडे वेचत राहिली. आप्पांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने त्या आठ्या पाहिल्यात. मीही पाहिल्यात, सुट्टीत गुणाकार चुकल्यावर.

"म्हणजे ताळा केला नव्हतास?"

"नाही, आप्पा."

"आता केलास?"

"त्या लोकांनी केला. जुळला नाही."

"मग उत्तर खोडून टाक. गणित परत कर." इतकं बोलून ते पुन्हा अंगणात बघायला लागले. दहा मिनिटांनी त्यांनी मला विचारलं, पुण्याहून कधी आलीस? पण ती दोन वाक्यं छत्तीस वर्षांच्या नोकरीतली होती, आणि ती अजून जागच्या जागी होती.

रात्री भांडी आवरताना मी आजीला म्हटलं, "आता पहाटे उठायची गरज नाही गं."

"का?"

"अगं, मेंदू नाही ना वाढत..."

आजीने हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवसभर ते मला शंभर वेळा विचारतात, किती वाजले, आपलं घर कुठलं, आई कुठे गेली. मी शंभर वेळा सांगते. चिडते, मग माझं मलाच वाईट वाटतं. पहाटेची तेवढी वेळ ते काही विचारत नाहीत. शेजारी बसतात. श्वास ऐकू येतो. तेवढ्यात माझं मन जरा ताळ्यावर येतं. मेंदू वाढो नाहीतर राहो, ते घड्याळ मी काढणार नाही."

माझ्या लेखात आजी कुठेच नव्हती. आठवड्यांचा हिशोब होता, मिलिमीटरचा होता. विसरणाऱ्या माणसाबरोबर चोवीस तास राहणाऱ्या बाईला रोज अर्धा तास शांतता लागते, हे कुठे होतं? कुठल्या फिल्मवर दिसतं ते? मी आईला फोन लावला. त्या आठवड्यापासून आम्ही पाळी लावलीय. शनिवार-रविवार आप्पांजवळ आईची आणि माझी आलटून पालटून ड्युटी, आणि त्या दिवसांत आजी मोकळी. ती काय करते? कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी राहणाऱ्या बहिणीकडे जाते आणि दुपारभर झोपते. गोळ्या चालू आहेत, तपासण्या चालू आहेत. आप्पांचं विसरणं वाढतंय, हळूहळू. ते मी गुळगुळीत करून सांगणार नाही.

त्या पुरवणीला मी मेल करून दुरुस्ती छापायला सांगितली. "इतक्या जुन्या लेखाची आता कशाला?" असं उत्तर आलं. म्हणून ती इथे देतेय. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूची रचना बदलते, हे सिद्ध झालेलं नाही. मी तसं लिहिलं होतं, ते चूक होतं. तुमच्याही घरी कुणी ते कात्रण जपून ठेवलं असेल, तर कृपा करून त्याच्या शेजारी हे ठेवा.

आजीने जुनं कात्रण फेकलं नाही. गेल्या खेपेला बघितलं तर ते त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. फक्त मथळ्यावर लाल पेनाने एक आडवी रेघ होती आणि बाजूला आप्पांच्या थरथरत्या अक्षरात, शाळेतल्या वह्यांवर लिहायचे तसं, लिहिलेलं होतं.

'ताळा करावा.'